जंगलात गप्प बसता येत नाही

लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या डिस्पॅचमध्ये मी काम करते. ट्रक कुठे अडकला, माल कधी पोचणार, दिवसभर फोन. गेल्या उन्हाळ्यात डोकं इतकं ठणकायला लागलं की डॉक्टरांनी सांगितलं, "रोज सकाळी तासभर मोकळ्यावर जात जा. फोन घरी ठेवून."

सांगायला काय जातं! घराबाहेर पडले की शेजारची वहिनी सोबत यायची आणि नळाला पाणी येत नाही यावर बोलत राहायची. फोन घरी ठेवला तर साहेबांचा फोन नवऱ्याच्या मोबाइलवर. आठवड्याभरात फिरणं सुटलं. डोकं ठणकतच होतं.

शेवटी भांडून सुट्टी घेतली आणि झरी जामणीकडच्या खेड्यात मोठ्या बहिणीकडे गेले. ती तिथे अंगणवाडीत आहे. घरामागे जंगलच. पोचल्या पोचल्या मी म्हणाले, "ताई, मले उद्या सकाळी एकटीलेच जंगलात जाऊन गुपचाप बसाचं आहे."

"येडी झाली काय? वाघ फिरून राह्यला इकडे. आम्ही बाया मोहफुलं वेचाले जातो, आमच्यासंग चाल."

सकाळी गेलो. मोहाखाली पिवळट फुलांचा सडा पडला होता. बायका टोपल्या घेऊन वाकल्या. मी जरा बाजूला दगडावर बसून डोळे मिटले, तोच एक म्हातारी ओरडली, "ओ बाई, गुमसुम नोको बसू! बोलत राह्य. आवाज असला का वाघ जवळ येत नाही."

घ्या! इथेही बोलायचंच. चिडून मी चढावर चार पावलं गेले, तर नेमकी तिथे मोबाइलला रेंज आली. साहेब.

"मॅडम, कालच्या गाडीचे कागद?"

"टेबलावर, लाल फायलीत. सांगून आले होते."

"हो, ते ठीक. पण आज अर्धा दिवस येऊन जाता का? नाहीतरी तुम्ही फिरायलाच गेलाय."

मग मात्र माझा तोल गेला. "फिरायला नाही आले मी! डोकं फुटायची वेळ आलीय म्हणून आलेय! नाही येणार! आज नाही, उद्याही नाही!" आणखी काय काय बोलले आठवत नाही. फोन त्यांनी कापला की रेंज गेली, कोण जाणे.

खाली सगळ्या बायका थांबल्या होत्या. "आता काई येत नाही वाघ," म्हातारी म्हणाली, आणि सगळ्या खदखदून हसल्या. मला हसू आलं नाही. डोळे भरून आले. ताईने वर येऊन पाण्याची बाटली पुढे केली.

"किती दिवसाचं कोंडून ठेवलं होतं व?"

मी बाटली तोंडाला लावली.

"मंग आनखी वरड. इथं कोणाले काय तरास?"

पुन्हा ओरडवलं नाही. ऊन चढेपर्यंत धुमसत त्यांच्यासोबत फुलं वेचली. त्या दुपारी मात्र ताईच्या पडवीत मेल्यासारखी झोपले.

कामावर परतले तेव्हा साहेबांनी त्या फोनबद्दल चकार शब्द काढला नाही. फक्त राहिलेलं सगळं काम माझ्या टेबलावर रचून ठेवलं होतं. दुपारी डोकं पुन्हा ठणकायला लागलं. फोन टेबलावरच ठेवून मी उठले आणि गेटजवळच्या कडुनिंबाखाली जाऊन उभी राहिले.

आतून चौकीदार धावत आला. "मॅडम, तुमचा फोन वाजून राह्यला."

"वाजू द्या."

पाच मिनिटं उभी राहिले असेन. त्याहून जास्त जमलं नाही.