हिरव्या चौकोनांचा भरवसा

पाटण तालुक्यात क्षयरोग विभागात मी बरीच वर्षं काम करते. पूर्वी पेशंटच्या घरी जायचं, समोर गोळी गिळायला लावायची, मगच कार्डावर खूण करायची. मग ते काम मोबाईलवर आलं. गोळ्यांच्या पाकिटावर एक नंबर असायचा. गोळी घेतली की पेशंटने त्यावर मिस कॉल द्यायचा. माझ्या मोबाईलवर त्याच्या नावापुढे हिरवा चौकोन उमटायचा. कॉल आला नाही तर लाल. लाल वाढले की मीटिंगमध्ये उभं राहून उत्तर द्यावं लागे.

वरच्या वाडीत एक रिटायर्ड फौजी माझे पेशंट होते. घरात नवरा-बायको दोघंच. पहिल्याच आठवड्यात तीन लाल दिसले म्हणून मी गेले.

"गोळ्या घेतोय की. पर हितं रेंज कुठं हाय?" फौजी म्हणाले.

मी त्यांच्या बायकोला बाहेर बोलावलं. "मावशी, रोज सकाळी टेकावर जाऊन तुम्हीच कॉल देत चला. चुकवू नका हं, नाहीतर मला बोलणी बसतात."

त्यानंतर एकही लाल आला नाही. वाडीचा चढ अवघड, स्कूटी निम्म्यात सोडून चालावं लागायचं. सगळं हिरवं आहे तर कशाला जा, म्हणून मी गेलेच नाही. गोळ्यांची पाकिटं मावशी दवाखान्यातून न्यायच्या.

दोन महिन्यांनी थुंकी तपासायची होती म्हणून चढून गेले. फौजी खाटेवर पडून होते. अंगातला सदरा दुसऱ्या कुणाचा असावा तसा लोंबत होता. गोळ्या दाखवा म्हटल्यावर मावशींनी ट्रंक उघडली. आत न फोडलेली पाकिटं.

"पंधरा दिस घेतल्या. मग लय उलट्या व्हायला लागल्या. तवापास्नं हात लावत न्हाईत."

"मग तुम्ही कॉल का देत होता?"

"आवं ताई, तुमास्नी बोलणी बसू न्हाईत म्हणून. पावसातबी गेले, एक दिस चुकवला न्हाई."

उलट्यांवर साधं औषध होतं, माझ्या पिशवीतच असायचं.

फौजींना सांगलीला अ‍ॅडमिट केलं. औषधं बदलली, उपचार पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. भेटायला गेले तेव्हा मावशींनी शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगितलं, "ह्या आमच्या ताई. लय करत्यात आमचं." मी आणलेली केळी टेबलावर ठेवली.

फौजी वाचले. पण एक फुप्फुस कायमचं निकामी झालं. आता अंगण ओलांडेपर्यंत त्यांना धाप लागते. अहवालात मी 'पेशंटने गोळ्या घेण्यास टाळाटाळ केली' असं लिहिलं. ते खोटं नव्हतं. साहेबांनी वाचून सही केली, मला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं का, हे मला अजून ठाऊक नाही.