दगडूचा गूळ

माझ्या मावशीइतका घोंगावणाऱ्या माशांचा द्वेष अख्ख्या नाशकात कुणी केला नसेल, आणि नाशकात माशांना तोटा नव्हता. ही गोष्ट एकोणीसशे तीसनंतरच्या दिवसांतली. घाटावरचे यात्रेकरू, पेढ्यांची दुकानं, टांग्यांची घोडी आणि घोड्यांमागून रस्त्यावर पडणारं सगळं, यांच्या कृपेनं माशा सुखानं नांदत होत्या. मावशी अगदी तरुणपणी विधवा झालेली, मूलबाळ नाही. सुईणपणाचं रीतसर शिक्षण घेऊन ती पंचवटीत एका धर्मादाय मंडळाच्या शिशुकेंद्रात काम करी. मी कोर्टात कारकून, राहायला तिच्याकडेच. माझ्या ताटावर माशी बसली की भात, वरण, वरचं तूप, सगळं ती उचलून नेई आणि त्या जागी उपदेश वाढी. एकदा सत्यनारायणाच्या प्रसादावर माशी बसलेली पाहून तिनं भटजींसमोरून हात मागे घेतला. ‘देवाला चालत असेल, मला नाही,’ म्हणाली. भटजींनी आमच्या गल्लीत येणं सोडलं; माशांनी सोडलं नाही.

माशीच्या खालोखाल तिचं लक्ष तराजूवर. दर आठवड्याला वजन केल्याशिवाय मूल वाढतंय की खंगतंय हे कळत नाही, असा तिचा सिद्धान्त. तो बरोबरच होता. पण केंद्र उघडलं त्याच दिवशी तिनं एका गुटगुटीत बाळाला तराजूत घातलं आणि ‘वा, काय छान भरलंय!’ असं चारचौघींत खणखणीत आवाजात जाहीर केलं. बाळाच्या आईनं तिथल्या तिथं त्याच्या गालाला काजळ फासलं आणि पदराखाली झाकून ती चालती झाली. संध्याकाळी बाळाला ताप भरला. दृष्टच ती! पुढच्या आठवड्यात केंद्रात मावशी, तराजू आणि माशा एवढंच उरलं. मंडळाचे सेक्रेटरी वकील होते. ‘अज्ञान, दुसरं काय!’ असं म्हणून त्यांनी बजावलं की आया आल्या नाहीत तर केंद्राला कुलूप लागेल.

तरी एका टांगेवाल्याची बायको आपल्या सासूबरोबर आली. तिची आधीची दोन मुलं गेलेली, म्हणून यमाला हाव सुटू नये अशा बेतानं तिसऱ्याचं नाव दगडू ठेवलेलं. हा दगडू म्हणजे कापसाचा बोळा होता. आई धुण्याभांड्याला गेली की आजी त्याला अफूची गोळी चाटवी.

‘लय गुणाचं लेकरू हाय. रडत नाय,’ आजी म्हणाली.

‘रडेल कशानं? गुंगीत आहे ते! भूक लागलेली कळत नाही त्याला. दिवसेंदिवस खंगतंय. तराजूत घाला, म्हणजे दिसेल.’

‘लेकराला तोलायला भाजी हाय का ती? तोलायचं तर देवाच्या नावानं, गुळाबरोबर. अशी देवाची तुला केली तर नजर लागत नाय.’

गूळ म्हणजे माशांना आमंत्रण. पण दगडूकडे बघून मावशीनं मला वाण्याकडे पिटाळलं. एका पारड्यात दगडू, दुसऱ्यात गूळ, अशी तुला झाली. मग तिनं तो गूळ वजनं टाकून तोलला, म्हणजे दगडूचंही वजन कळलं. ‘गुळाला तर दृष्ट लागत नाही ना?’ आजी विचार करून म्हणाली, ‘गुळाला काय व्हतंय!’ प्रसाद मात्र मूल गुळाला भारी पडलं की मगच वाटायचा, असा नियम मावशीनं उभ्या उभ्या केला आणि ढेप जाळीच्या कपाटात ठेवली.

पुढच्या आठवड्यात तीच ढेप पारड्यात ठेवली. गूळ खाली गेला, दगडू वर. आजीनं वाकून पारडं पाहिलं. मग हळूच म्हणाली, ‘मुंग्यांनी खाल्ला आसंल तर गूळ कमीच झाला आसंल. तरी लेकरू हलकंच?’ तिनं कनवटीची अफूची डबी काढून मावशीच्या हातावर ठेवली.

‘आता लय रडंल त्ये.’

‘रडू दे हो,’ मावशी म्हणाली. तिचाच आवाज रडवेला झाला होता.

ही बातमी पंचवटीभर झाली आणि आया गूळ घेऊन दारात उभ्या राहिल्या. माशाही आल्या. मावशी एका हातानं मूल सांभाळी, दुसऱ्यानं पंखा हलवी. सेक्रेटरी तपासणीला आले आणि दारातच कडाडले, ‘हे शिशुकेंद्र आहे की देऊळ?’

‘माशा मी हाकलते, वकीलसाहेब. आया तुम्ही हाकलू नका.’

वकीलसाहेब तणतणत गेले. आठवडाभरानं त्यांचीच सून नातवाला घेऊन मागच्या दारानं आली, बरोबर उंची कोल्हापुरी गूळ. ते अज्ञान नव्हतं, सुनेची हौस होती.

मावशी जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मला तिची फार आठवण येते, आणि येते ती त्या एका दुपारची. दगडू पारड्यात बसून कोकलत होता आणि त्याचं पारडं खाली टेकलं होतं. आजीनं ढेप फोडली आणि पहिला खडा मावशीच्या हातावर ठेवला. खड्यावर माशी बसली होती. मला दिसली, मावशीलाही दिसली. तिनं फुंकर मारून ती उडवली आणि खडा तोंडात टाकला.