थोरलीच्या वेळी

आमच्या दवाखान्यात नवजात बाळांच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तपासणं सुरू झालं, तेव्हा मी बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होते. भांडायला सासवा पुढं असायच्या. "एवढ्याशा लेकराला काहून टोचून राहिल्या?" मी समजावायची, थायरॉईड कमी असलं तर आत्ता दिसत नाही, दिसेपर्यंत मेंदूची वाढ खुंटलेली असते.

पुसेगावच्या एका मुलाचा रिपोर्ट वाईट आला. फोन लागेना, म्हणून जीप धरून मीच घरी गेले. बाळ आईच्या मांडीवर झोपलं होतं. "लई गुणाचं हाय, रडतच न्हाई," ती कौतुकानं म्हणाली. या आजारात बाळं अशीच सुस्त पडून राहतात, हे तिला ठाऊक नव्हतं. तेवढ्यात दाराशी बसलेल्या तिच्या थोरल्या मुलीकडे माझं लक्ष गेलं. शाळेच्या वयाची पोर, पण धड उभं राहता येत नव्हतं. चेहरा सुजलेला, जीभ ओठांबाहेर. पोटुशी असताना सुनेनं ग्रहणात विळी हातात धरली, म्हणून पोरगी अशी झाली, असं सासूनं मला ऐकवलं. सून खाली मान घालून बसली.

डॉक्टरांनी दोन्ही लेकरं तपासली. आजार एकच. दोघांनाही रोज सकाळी गोळी सुरू झाली. काही महिन्यांनी लेकरांची आई दवाखान्यात आली ती हसतच.

"थोरलीची सूज उतरली, सिस्टर. आता बोलंल ना?"

डॉक्टर गोळ्यांची चिठ्ठी लिहू लागले. शेवटी मीच म्हणाले, "जे राहून गेलं ते आता भरून निघत न्हाई, माय."

ती म्हणाली, "म्हंजी ग्रहणाचं काईच न्हवतं?"

"न्हाई."

"तेवढं सासूबाईला सांगा. अन् हिच्या टायमाला काहून न्हाई घेतलं रक्त?"

तेव्हा ही तपासणी आपल्याकडे नव्हतीच, हे मी तिला सांगितलं.

धाकटा आता शाळेत जातो, पाढे म्हणतो. थोरली त्याच्या तोंडाकडे बघत बसते.

सासूला मी सांगितलं. ती नुसतं "व्हय का" म्हणाली.

हल्ली तपासणीचं किट मधूनमधून येईनासं होतं, मग काम थांबतं. वरच्या ऑफिसला फोन केला की "येईल" म्हणतात. आता बायका स्वतःहून विचारतात, "आमच्या लेकराचं रक्त न्हाई घेतलं?" किट आलं की बोलावू, असं सांगून मी त्यांना घरी पाठवते. बोलावल्यावर बऱ्याचजणी येतही नाहीत. कुणी माहेरी गेलेली असते, कुणी ऊसतोडीला. त्यांच्यातलं एखादं लेकरू कुठल्या तरी घरात थोरलीसारखंच बसून राहणार, हे मला कळतं आणि काही करता येत नाही.