रविवारचं कुंकू

नगरकडच्या आमच्या गावातून एसटी हलली, तेव्हा बाबा खिडकीशी येऊन म्हणाले, "कुणी विचारलं तर येशूला नाकारू नकोस, बाई." गावात आम्हा ख्रिस्ती घरांना कोण काय विचारणार? सगळ्यांना सगळं माहीत. पण परळच्या चाळीत दादाने खोली घेतली होती ती नुसतं मराठी आडनाव सांगून, धर्म न सांगता. दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. मोर्चे, अश्रुधूर, गोळीबार. त्यात नळावर एक बाई सहज बोलून गेली, ख्रिस्ती म्हणजे साहेबाची माणसं, ती कसली आपली! दुसऱ्या दिवशी मी जन्मात पहिल्यांदा कुंकू लावलं.

गावाकडच्या मंडळींनो, हसा खुशाल. रविवारी दादरच्या चर्चच्या कोपऱ्यावर ते पुसायचं, परतताना पुन्हा लावायचं, असा माझा कारभार.

म्हणे साहेबाची माणसं! त्याच चर्चमध्ये आमचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, जगाचा नकाशा टांगून शिकवत. पोपला मानणारे कॅथलिक सगळ्यांत जास्त. आपले गोव्याचे, वसईचे त्यातलेच. रशिया-ग्रीसकडे ऑर्थोडॉक्स. आमच्यासारखे प्रॉटेस्टंट आणखी वेगळे. इजिप्तचे कॉप्टिक फार जुने, आणि इथिओपियातले तर चपला बाहेर काढून ढोल वाजवत भजन करतात. शेजारी बसणारी केरळची नर्स सांगे, साहेबाच्या कितीतरी शतकं आधी आमच्याकडे येशूचं नाव पोचलंय. वाटायचं, हे सगळं नळावर जाऊन सुनवावं. हिंमत कुठली! काही देशांत लोक अजून दारं लावून प्रार्थना करतात, असं पाळक म्हणाले, तेवढं मात्र मला लगेच समजलं.

एका रविवारी उपासना सुटली आणि दादरला अश्रुधुराची नळकांडी फुटली. पदर नाकाला लावून मी धावत सुटले ती थेट परळला. खोलीत शिरले तर पाठोपाठ शेजारच्या मालवणी वहिनी. त्यांचा गिरणीतला नवरा मोर्चाला गेलेला. त्या माझ्या कपाळाकडे बघत होत्या. ते कोरं होतं, आणि बायबल हातातच. आता खोली जाणार, दादाची अब्रू जाणार.

"तू आयतवारी कुकू पुसून जातंस, ता माका ठाऊक आसा, दादराक बघलंय मी," वहिनी म्हणाल्या. "हे सकाळपासून इले नाय. तुझ्या देवाक सांग."

मी काय केलं? आधी उठून दार लावलं. लाज वाटते लिहिताना. मग गुडघे टेकले. दोन शब्द बोलले असेन, तोच वहिनींनी उठून दार सताड उघडलं.

"उघडाच ऱ्हवांदे. हे इले तर माका दिसाक होये."

गॅलरीत बायका उभ्या होत्या. तरी मी येशूचं नाव घेतलं, सगळ्यांच्या देखत. संध्याकाळी वहिनींचे यजमान आले, डोक्याला पट्टी बांधून.

भीती काही त्या दिवशी गेली नाही. मोर्चाच्या आरोळीने कित्येक महिने माझा हात कपाळाकडे जाई. पुढे मी नवऱ्यामागून लंडनला आले. इथे गल्लोगल्ली चर्च आहेत आणि मला कुणी काही विचारत नाही. पण घर म्हटलं की मला परळची ती खोली आठवते. मी भीतीने लावलेलं दार तिथे एका बाईने स्वतःच्या भीतीपायी उघडलं होतं.