फट राहू न देणारा क्लॅरी

गीव्हस्टनमधल्या निम्म्या घरांच्या काचा क्लॅरी टिंडलच्या हातच्या. त्यानं बसवलेल्या खिडकीत वाऱ्याला शिरायला फट औषधालाही सापडायची नाही. निवृत्त झाला, तरी खोड गेली नाही. स्वतःच्या घराच्या खिडक्या तर त्यानं अशा बुजवल्या, की उन्हाळ्यातही उघडायच्या नाहीत.

मग त्याला घटपर्णीचं वेड लागलं. उष्ण प्रदेशातलं, किडे गिळणारं झाड, आणि जगवायचं कुठं, तर टास्मानियाच्या थंडीत. क्लॅरीनं त्यासाठी काचेची पेटी केली, तळाशी तापणारी तार घातली. पारा जरा उतरला की याचा जीव खालीवर. बायको व्हर्ना पेटीशेजारीच विणत बसायची. तिच्या दम्याला घरात ऊब तेवढीच.

"माझ्यासाठी कधी तार घातली नाहीस," ती म्हणायची.

"तू किडे खात नाहीस ना."

जुलैत, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यात, वादळानं वीज गेली. दुपारीच पेटी गार पडू लागली. क्लॅरीनं व्हरांड्यातला गॅसचा मोठा हीटर खोलीत आणून पेटवला. दाराखाली टॉवेल कोंबला आणि जनरेटर मागायला टेकडीपलीकडे रॉसकडे निघाला. वाटेत झाड आडवं पडलेलं, पोचायला उशीर झाला.

"झाडापायी बायकोला थंडीत सोडून आलास?" रॉसनं टोमणा मारला.

"छे, तिला भट्टीतच बसवलंय. बाहेरचा हीटर आत लावलाय. झुळूकसुद्धा यायची नाही."

रॉसचा चहाचा कप हातातच राहिला. "खिडकी उघडी आहे ना?"

क्लॅरीच्या खिडक्या उघडत नाहीत, हे गावाला ठाऊक होतं.

"अरे, बंद खोलीत त्याचा विषारी वायू साठतो. वासही येत नाही," म्हणत रॉसनं गाडीची किल्ली घेतली.

खिडकीतून व्हर्ना दिसली. विणकाम मांडीवर, मान कलती. एरवी पांढरेफटक असलेले गाल चांगले गुलाबी.

"बघ, ऊब लागलीय तिला," क्लॅरी म्हणाला.

"ऊब नाही, त्या वायूनं गाल असे होतात," म्हणत रॉसनं वीट उचलली. क्लॅरीनं ती त्याच्या हातातून घेतली आणि स्वतः बसवलेली काच स्वतः फोडली. मांजर चाललं तरी जागी होणारी व्हर्ना तेवढ्या आवाजानंही हलली नाही.

घटपर्णीही त्याच हिवाळ्यात गेली. ती काच अजून कुणी बसवलेली नाही. क्लॅरी तिथंच व्हर्नाच्या खुर्चीत, वाऱ्यात बसलेला असतो.