हुंकाराला बंदी

परीक्षकांना वाटलं, मुलगी गोष्ट विसरली. तिघेही शिकलेले होते, त्यातले दोघे तर मुलांना शिकवणारेच. समोर बारा वर्षांची पोर का थांबली आहे, हे एकाच्याही लक्षात आलं नाही. इतकी वर्षं झाली, पण तो दिवस आठवला की माझं डोकं अजून तापतं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी वाशीतल्या एका मराठी शाळेत सातवीला शिकवायचो. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. वडील सहीच्या जागी अंगठा उठवायचे. परभणीकडच्या एका तालुक्याच्या गावात मी शिकलो, शिष्यवृत्तीवर बी.ए., बी.एड. झालो आणि इथे नोकरीला लागलो. माझं जे काही बरं झालं ते शाळेमुळे. त्यामुळे शाळेबद्दल वाकडा शब्द लिहिणं मला जड जातं. तरी हे लिहितो आहे, कारण मनातून जात नाही.

वर्गात दोन तऱ्हेची मुलं होती. काही सेक्टरांतल्या नव्या इमारतींतली. त्यांचे वडील कारकून, नाहीतर घाऊक बाजारात कामाला. बाकीची जुन्या गावांतली, म्हणजे ज्यांच्या शेतांवर आणि मिठागरांवर त्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांची. ही मुलगी सानपाड्याच्या जुन्या गावातून यायची. जून महिन्यात मी भरती-ओहोटी शिकवत होतो. तिने हात वर केला आणि म्हणाली, "सर, आमचे गावान पानी बांधापरत येतं."

"पानी!" कुणीतरी मागून ओरडलं आणि अर्धा वर्ग हसला. मी त्यांना झापलं, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. त्यानंतर ती वर्गात बोलेनाशी झाली. हजेरीला नुसता हात वर करायची.

शनिवारी शेवटच्या तासाला मी गोष्ट सांगायचो. पुस्तकातली नव्हे, आमच्या घरी रात्री जेवणं झाल्यावर चालायच्या तशी. आमच्याकडे गोष्ट एकट्याने सांगता येत नाही. ऐकणाऱ्याने मधूनमधून 'हूं' म्हणायचं असतं. 'हूं' आला नाही तर सांगणारा थांबतो. ऐकणारा झोपला असेल, किंवा त्याला गोष्ट नको असेल, मग पुढे कुणासाठी सांगायचं? पहिल्या शनिवारी मी सवयीने असाच थांबलो. वर्ग एकमेकांकडे बघायला लागला. पुढच्या बाकावरच्या एका मुलाने हळूच विचारलं, "सर, विसरलात का?"

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून ठणठणीत आवाज आला, "हूं!"

तीच होती. भरतीच्या धड्यानंतर मी तिचा आवाज ऐकला तो हा. तिच्या गावातही रीत तीच. दिवाळीच्या सुट्टीआधी ती स्वतः फळ्यापाशी उभी राहून गोष्टी सांगू लागली, आणि पूर्वी 'पानी' म्हणून हसलेली पोरं डोळे मोठे करून 'हूं, हूं' करू लागली. एक जण तर म्हणाला, "ए, तू सांग ना आज. सर बोअर करतात." मला त्याचा राग आला नाही.

म्हणून जानेवारीतल्या आंतरशालेय कथाकथन स्पर्धेत मी तिचं नाव दिलं. बक्षिसाची मला आस नव्हती. तिचं तोंड उघडलं होतं, ते परक्या माणसांपुढेही उघडं राहावं, एवढंच मला हवं होतं. तिथेही कुणी हसलं असतं तर ती पुन्हा हजेरीला नुसता हात वर करण्यावर आली असती, हेही मला ठाऊक होतं. म्हणून आधी जाऊन मी आयोजकांना सांगितलं, "या गोष्टीला ऐकणारे हूं म्हणतात, तेवढं म्हणू द्या." ते म्हणाले, "हो हो सर, अवश्य! लोकपरंपरा आहे ती आपली."

आणि स्पर्धा सुरू होताना ध्वनिक्षेपकावरून पहिली सूचना काय, तर "सर्व विद्यार्थ्यांनी हाताची घडी घालून तोंडावर बोट ठेवावं. आवाज आल्यास त्या शाळेचे गुण कापले जातील."

गोष्टींची स्पर्धा, आणि ऐकणाऱ्यांच्या तोंडावर बोट! आधीच्या मुलांनी पाठ केलेलं घडाघडा म्हणून टाकलं. राजा म्हटलं की मिशीला पीळ, राणी म्हटलं की पदर, आणि शेवटी तात्पर्य. प्रत्येकाला टाळ्या मिळाल्या.

मग ती आली. तिच्या गोष्टीत खाडी उधाणाला येऊन दरवेळी गावाचा बांध फोडते. माणसं दगड टाकून टाकून दमतात. शेवटी एक म्हातारी बांधावर जाऊन उभी राहते आणि म्हणते, "खाडीबाय, तू माझी लेक. माहेराला ये, उंबऱ्यापाशी बस, पन घरान नको शिरू."

एवढं बोलून ती थांबली. ज्या जागी थांबायला हवं, बरोबर तिथेच थांबली. सभागृहात चिडीचूप.

परीक्षक बाई गोड आवाजात म्हणाल्या, "आठव हं बाळ. घाबरू नकोस."

ती परीक्षकांकडे बघत राहिली. दुसरे परीक्षक घड्याळाकडे बघत म्हणाले, "पुढचं येत नसेल तर बसलीस तरी चालेल."

"मना याद हाय," ती म्हणाली. "तुमी हूं करा ना!"

सभागृहात हशा पिकला. सफारी घातलेले तिसरे परीक्षक म्हणाले, "अगं, परीक्षक हूं करत नसतात. परीक्षक गुण देतात." त्यावर आणखी हशा.

मी वर्गाला घेऊन मागच्या रांगांत बसलो होतो. उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, "हूं!" माझ्या पाठोपाठ माझा अख्खा वर्ग, सेक्टरवाले आणि गाववाले मिळून, ओरडला, "हूं!" तिने एकदा आमच्याकडे पाहिलं आणि खाडीला बांधापाशी आणून माघारी नेलं, गोष्ट शेवटपर्यंत पूर्ण केली. त्यानंतर एकदाही ती अडखळली नाही.

निकालात तिचं नाव बाद. कारण काय, तर स्पर्धकाला शिक्षकाने बाहेरून मदत केली. शिवाय भाषा अशुद्ध.

मी टेबलापाशी गेलो. "साहेब, 'हूं' म्हणून मी तिला कुठला शब्द पुरवला?"

"तुम्ही बी.एड. आहात ना, सर?" सफारीवाले म्हणाले. "निदान तुम्हाला तरी शिस्त कळायला हवी होती."

हे वाक्य मला आजही बोचतं. जी पदवी मिळवायला माझ्या आईने दुसऱ्यांची भांडी घासली, ती पदवी ते मला अशा कामासाठी दाखवत होते. मी अर्धा तास भांडलो. सहभागाचं प्रमाणपत्र तरी तिला द्या म्हणालो. ते प्रत्येक मुलाला मिळालं होतं, तिला तेवढं मिळालं नाही. सोमवारी शाळा भरण्याआधी मोठ्या बाईंनी मला बोलावून सांगितलं, "शनिवारी आता सुलेखन घ्या. गोष्टी पुरे झाल्या."

मग हजेरी घेताना तिचा क्रमांक आला तेव्हा नुसता हात वर होतो का, तेच मी बघत होतो. "हजर, सर!" ती म्हणाली, नेहमीपेक्षा मोठ्याने. नंतरही ती वर्गात बोलत राहिली, उत्तरं देत राहिली, भांडतही राहिली. माझी भीती खोटी ठरली, याचं समाधान आहे. पण काही दिवसांनी मोठ्या बाईंचा निरोप मी तिला सांगितला, की पुढच्या वर्षी हीच गोष्ट शुद्ध भाषेत बसवून घेऊ. तेव्हा तिने नकारार्थी मान हलवली.

"शालेन नाय सांगायची मी. हितं कुनी ऐकत नाय."

शाळेत तिने पुन्हा एकही गोष्ट सांगितली नाही. वार्षिक परीक्षा संपल्यावर मला म्हणाली, "तुमाला पायजे तर घरी या."

मी गेलो. अंगणात सुकत घातलेली मासळी राखत ती धाकट्या भावंडांना गोष्ट सांगत होती. शेजारची पोरं जमली होती, तिची आई निवडण-टिपण करता करता हूं देत होती. मीही बसलो. गोष्ट संपल्यावर तिच्या आईने मला चहा दिला आणि विचारलं, "मास्तर, ही शालेन एवरी चांगली बोलते तं तिला बोलू का नाय देत?"

मी शाळेची बाजू घ्यायला तोंड उघडलं. आयुष्यभर घेत आलो होतो. पण त्या अंगणात ती घ्यायची इच्छा झाली नाही. मी चहाची कपबशी खाली ठेवली आणि पोरीला म्हणालो, "अजून एक सांग. हूं मी देतो."