उजवा गाल

माझ्या बायकोच्या उजव्या गालावर जन्मापासून डाग होता, जांभूळ कुस्करल्यासारखा, कानापासून हनुवटीपर्यंत. आई पोटुशी असताना ग्रहणात बाहेर पडली, असं तिच्या माहेरी सांगत. मी भूमच्या शाळेत मास्तर; अशी बायको केली म्हणून गावात माझं कौतुक झालं. त्या कौतुकावर मी बरीच वर्षं जगलो.

मी तिला मारायचो. रोज नाही. पण त्याच गालावर, कारण तिथं वळ उठला तरी डागात मिसळून जायचा. राग अनावर व्हायचा असं म्हणता आलं असतं. पण मी उजव्या हाताचा. समोरच्याच्या उजव्या गालावर मारायला मला हात उलटा फिरवावा लागायचा. तो मी फिरवायचो.

मुलीचं लग्न झालं आणि बायको म्हणाली, "मला धाराशिवला जायचंय. डाग काढायला."

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी समजावलं. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या जन्मतःच फुगलेल्या आहेत. लेझरचा उजेड वरची कातडी न जाळता आतल्या रक्तापर्यंत जातो, त्या वाहिन्या तापतात आणि मिटतात. बऱ्याच खेपा होतील. डाग पुसट होईल, पूर्ण जाईलच असं नाही.

"आठ-दहा दिवस गाल काळानिळा दिसेल. घाबरू नका."

"सवय हाय," बायको म्हणाली. डॉक्टरबाई ते डागाबद्दलच समजल्या. मी भिंतीवरचा तक्ता वाचत राहिलो.

पहिली खेप झाल्यावर येताना एसटीत मी विचारलं, "इतकी वर्षं काढलीस. आता कशाला गं?"

"आता दिसंल," एवढंच म्हणून ती खिडकीकडं वळली.

काय, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मावशी दारात उभ्या. "काय मास्तर, नातवंडं खेळवायच्या वयात बायकूला हाणलं व्हय?"

"न्हाय हो मावशी, लेझर केलाय." खरं बोलत होतो, तरी घाम फुटला.

बायको तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "व्हय मावशी. ह्या बारीला लेझरच हाय."

मावशी हसायला लागल्या आणि मधेच थांबल्या. त्यानंतर त्या मला मास्तर म्हणाल्या नाहीत.

बऱ्याच खेपांनंतर आता गुलाबीसर सावली उरलीय. लेझर सुरू झाल्यापासून माझा हात उठलेला नाही. मी सुधारलो, की आता तिथं काही लपणार नाही म्हणून थांबलो, हे मला खरंच सांगता येत नाही. पूर्वी ती तो गाल भिंतीकडं करून बसायची. आता संध्याकाळी उंबऱ्यात बसते, गाल रस्त्याकडं करून.